अमळनेरच्या क्लासमधलं गोदरेज : एका मराठी टाइपरायटरचं प्रकरण

यंत्र गोदरेज प्राइमा, मराठी कळपाट, ४६ कळा. वजन पंधरा किलोच्या आसपास. मूळ मुक्काम अमळनेरमधला एक टायपिंग क्लास, त्यानंतर सात वर्षं घराचा पत्र्याखालचा माळा. तक्रार मालकाने अहिराणीत एका ओळीत सांगितली होती : "जिभाऊ, टाइप व्हस, पन गाडी सरकस नही." (जिभाऊ ही दुरुस्ती करणाऱ्याला मानाने मारलेली हाक, गाडी म्हणजे रोलरसकट सरकणारा वरचा भाग.)

२०१७ साली शासकीय वाणिज्य प्रमाणपत्र परीक्षेतून हाताचं मशीन गेलं आणि तिथे संगणक आला. त्याआधी जळगाव, धुळे, नंदुरबारकडे तालुक्याच्या गावात एसटी स्टँडपासून हाकेच्या अंतरावर एखादा तरी टायपिंग क्लास असायचाच. मराठी तीस, इंग्रजी तीस, मग इंग्रजी चाळीस, म्हणजे मिनिटाला तेवढे शब्द. कोर्टात, तहसील कचेरीत, साखर कारखान्यात, भुसावळच्या रेल्वे ऑफिसात चिकटायचं तर ही प्रमाणपत्रं लागत. गोदरेजने १९५५ मध्ये पहिलं देशी मशीन काढलं आणि २००९ मध्ये उत्पादन थांबवलं, म्हणजे परीक्षा बंद झाली तेव्हा नवी मशीनं मिळणं केव्हाच संपलं होतं. क्लासवाल्यांनी बहुतेक मशीनं किलोवर भंगारात घातली. (अमळनेर हे विप्रोचंही जन्मगाव, १९४५चा वनस्पती तुपाचा कारखाना. टाइपरायटरला घरी बसवणाऱ्या धंद्यातली एवढी मोठी कंपनी त्याच गावातून निघावी, ही गंमतच.)

या क्लासच्या बारा मशीनांपैकी क्लास चालवणाऱ्या सरांच्या पुतण्याने, म्हणजे आताच्या मालकाने, एकच ठेवून घेतलं. त्याला ते शोकेसमध्ये मांडायचं नव्हतं, त्यावर टाइप करायचं होतं. फरक महत्त्वाचा आहे. शोभेचं मशीन दोन तासांत पुसून चकचकीत होतं, चालतं करायचं मशीन मात्र कागदावर खरं उतरावं लागतं. मराठी मशीन इथे इंग्रजीपेक्षा फार कडक. इंग्रजी अक्षरं सुटी उभी असतात, एखादं केसभर खाली आलं तरी डोळा माफ करतो. देवनागरीत वरून शिरोरेषा जाते, त्यामुळे केसभराचा फरकही पायरीसारखा दिसतो. जुन्या मशीनचा नाद ज्यांना लागतो त्यांना बहुधा इथेच लागतो : बिघाड कागदावर छापून येतो आणि तो वाचता आला की कोणत्या स्क्रूला हात घालायचा ते कळतं.

उघडल्यावर काय दिसलं

पत्र्याचं कव्हर काढल्यावर आधी कशालाच हात लावला नाही. चारी बाजूंनी फोटो घेतले, स्प्रिंगांच्या आकड्यांचे जवळून. नव्या माणसाची पहिली चूक इथेच होते. घाण दिसली की तो ब्रश घेतो, आणि एखादी स्प्रिंग निसटली तर ती कुठे होती हे सांगायला कोणी नसतं.

आत तीन थर होते. सगळ्यात वर काळ्या मातीची बारीक धूळ. त्याखाली कापसाचा तंतू. जिनिंगच्या हंगामात खानदेशात तो घरात, दुकानात, कपाटात सगळीकडे शिरतो, आणि तेल लागलेल्या भागावर बसला की नमदा होतो. सगळ्यात खाली खोडरबराचा भुगा. क्लासमधल्या मशीनची ही ठरलेली खूण. मुलं चूक झाली की गाडी बाजूला न सरकवता जागच्या जागी खोडतात आणि रबराचा कण सरळ सेगमेंटमध्ये पडतो. सेगमेंट म्हणजे खाचा असलेला तो अर्धगोल लोखंडी तुकडा, ज्यात सगळे टाइपबार बसवलेले असतात. टाइपरायटरच्या रबरात घासून काढणारी पूड असते, त्यामुळे तो भुगा नुसता अडकून बसत नाही, खाचाही झिजवतो.

या सगळ्यावर कोणीतरी वर्षानुवर्षं शिलाई मशीनचं तेल ओतलेलं. सेगमेंटमध्ये तेल घालणं हा टाइपरायटरवरचा सगळ्यात जुना अत्याचार. तेल घातलं की दोन दिवस बटणं लोण्यासारखी चालतात, मग तेल धूळ धरतं, आणि पंचेचाळीस अंशांच्या पत्र्याखाली सात उन्हाळे काढले की त्याची लाखेसारखी खळ होते. सेगमेंट कोरडाच हवा.

कव्हरच्या आतल्या बाजूला एक घडी केलेला सरावाचा कागद अडकलेला मिळाला. याच मशीनवर टाइप केलेला, क्लास चालू असतानाचा. त्या वेळी तो बाजूला ठेवला. पुढे तो सगळ्यात कामाचा ठरला.

गाडी का सरकत नव्हती

गाडी न सरकण्याची पाच कारणं असतात : पट्टा तुटलेला, मुख्य स्प्रिंग उतरलेली, रुळांवर घट्ट झालेलं ग्रीस, नुसतं मार्जिन-लॉक अडकलेलं, किंवा एस्केपमेंटमध्ये, म्हणजे अक्षरागणिक एकेक घर सोडणाऱ्या दातेरी चक्रात, दोष. ओळखायला हत्यार लागत नाही. गाडी सोडायची दांडी दाबून धरायची आणि हाताने गाडी डावीकडे-उजवीकडे न्यायची. हाताला जड लागली तर रूळ किंवा लॉक. उजवीकडे नेताना ओढ जाणवली आणि सोडल्यावर डावीकडे झेपावली तर स्प्रिंग, पट्टा दोन्ही ठीक, आणि दोष एस्केपमेंटमध्ये. या मशीनची गाडी दोन्हीकडे सारखीच हलकी, निर्जीव. म्हणजे पट्टा किंवा स्प्रिंग. मागून बॅटरी मारली तर तो स्प्रिंगच्या डब्याभोवती तुटून गुंडाळलेला दिसला.

पट्टा म्हणून नायलॉनची दोरी बांधायचा मोह होतो. नायलॉन ताणतं, महिन्याभरात ढिलं पडतं आणि ओळीच्या शेवटी गाडी रेंगाळते. वेणीची पॉलिएस्टर दोरी घ्यावी, जाडी १ मिलिमीटरपेक्षा कमी. मासेमारीचं सामान विकणाऱ्याकडे मिळते. टोकं मेणबत्तीवर वितळवून घट्ट करायची म्हणजे उसवत नाहीत. लांबी जुन्या तुकड्यांवरून मोजली, त्यात गाठींसाठी ४ सेंटिमीटर वाढवली.

धोका यापुढे आहे. डब्यातल्या स्प्रिंगला फेरे देताना डबा बोटांतून सुटला तर तो फिरत सुटतो, नख सोलतो आणि स्प्रिंगचा आतला आकडा मोडतो. म्हणून एका हाताने डबा धरायचा, दुसऱ्याने फिरवायचा, मध्ये श्वास घ्यायलाही सोडायचा नाही. किती फेरे, याचं पाठ करायचं उत्तर नाही. गाडी ओळीच्या अगदी शेवटी, डावीकडे न्यायची, तिथे ओढ सगळ्यात कमी असते, आणि स्पेसबार हळूच दाबायचा. शेवटचं घरही गाडीने घेतलं पाहिजे. घेतलं की थांबायचं. इथे तीन फेरे पुरले. पाच-सहा दिले असते तर मशीन जोरात पळालं असतं, पण एस्केपमेंटचे दात खाल्ले असते आणि गाडी परत ढकलताना हात दुखला असता.

धुणं

सेगमेंट धुवायला पांढरं पेट्रोल वापरलं. पंपावरचं पेट्रोल सुकल्यावर चिकट थर सोडतं, रॉकेल तेलकटपणा ठेवून जातं, थिनर रंग आणि प्लॅस्टिकची बटणं दोन्ही खातं. काम सकाळी सात वाजता ओट्यावर केलं. दुपारी घरात करू नये, वाफ पेटायला पंख्याच्या बटणाची ठिणगी पुरते.

मशीन मागे कलतं ठेवलं, रोलर आधीच काढून घेतला. पांढरं पेट्रोल रबराला फुगवतं. सेगमेंटवर टूथब्रशने थोडं थोडं सोडायचं, कळा एकेक करून वीस-पंचवीस वेळा चालवायच्या, खालून वाहणारं काळं पाणी चिंधीने टिपायचं. पहिल्या वेळी डांबरच निघालं. चौथ्या वेळी चिंधी जवळजवळ स्वच्छ आली. परीक्षा साधी : टाइपबार बोटाने उचलून सोडायचा, तो आपल्या वजनाने खट्‌कन मागे पडला पाहिजे. ४६ पैकी ४४ पडले. उरलेले दोन खाचेत घासत होते, तिथे रबराचा कण दगडासारखा बसलेला. पातळ पितळी पट्टीने तो काढला. लोखंडी ब्लेड घालू नये, खाच रुंदावली की बार डुलायला लागतो आणि ते परत भरून येत नाही.

पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा मारू नका. जोर प्रचंड असतो, हवेत पाणी आणि तेल येतं, आणि तंतू बाहेर निघण्याऐवजी एस्केपमेंटच्या पोटात जाऊन बसतो. रंगाचा एक इंची ब्रश आणि घरातला व्हॅक्यूम क्लीनर पुरे.

धुऊन झाल्यावर तेल फक्त गाडीच्या रुळांवर, तेही सुईच्या टोकावर येईल एवढं.

शिरोरेषेची पायरी

आता टाइप होत होतं, गाडी सरकत होती. चाचणीला "खानदेश" हाच शब्द घेतला, आणि तो कौतुकाने नव्हे. या कळपाटावर ख, श, ध, भ, ण अशी बरीच अक्षरं एका ठोक्यात येत नाहीत. अर्धं अक्षर मारायचं, मग काना. म्हणजे "खानदेश" सहा खुणांचा दिसला तरी ठोके आठ : अर्धा ख, काना, पुन्हा काना, न, द, मात्रा, अर्धा श, काना. आठांत तीन वेळा एकच कळ. मराठी मशीनमध्ये कान्याइतकी कोणतीच कळ राबत नाही, त्यामुळे तिचा ठसा सगळ्यात आधी झिजतो आणि तिचाच बार सगळ्यात आधी वाकतो. मात्रेची कळ डेड की असते, ती मारली तरी गाडी जागची हलत नाही. म्हणून आठ ठोक्यांना गाडी सातच घरं पुढे गेली पाहिजे. मोजली, सात.

पण पुढे "भाकरी" टाइप केलं तेव्हा कागदावर भ तुटलेला दिसला. अर्ध्या भागाची शिरोरेषा वर, कान्याची खाली, मध्ये पायरी. सहज वाटतं की कान्याचा बार वाकला. पण "खानदेश"मध्ये न आणि कान्याच्या रेषा एका पातळीत होत्या. मग "पुस्तक" टाइप केलं, तिथेही अर्धा स वर आणि त खाली. "शक्य", "जन्म", "सत्य" : सगळीकडे जोडाक्षरातलं अर्धं अक्षर वर.

यात समान काय, तर ही अर्धी अक्षरं शिफ्ट दाबून येतात. इंग्रजीत शिफ्टची अक्षरं वाक्याच्या सुरुवातीला येतात, पुढे रिकामी जागा किंवा लहान अक्षर, थोडी वर-खाली झाली तर कळतही नाही. मराठीत शिफ्ट शब्दाच्या पोटात येतं. म्हणून सूत्र असं : एकच अक्षर हललं असेल तर बार किंवा ठसा, शिफ्टची सगळी अक्षरं एकाच बाजूला सरकली असतील तर शिफ्टच्या थांब्याचा स्क्रू.

स्क्रू दोन असतात, एक वरच्या थांब्याचा, एक खालच्या. साधी पातळी बरोबर होती, तेव्हा तिच्या स्क्रूला हात लावायचा नाही. शिफ्टच्या थांब्याचं लॉकनट सोडून स्क्रू एक अष्टमांश फेरा, मग टाइप, मग पुन्हा. तिसऱ्या वेळी रेषा जुळली. लॉकनट आवळताना ती पुन्हा हलली, हे दर वेळी होतं. म्हणून आवळण्याआधी स्क्रू किंचित उलट्या बाजूला ठेवायचा, नट तो ओढून जागेवर आणतो. हे हाताला कळायला चार-पाच मशीनं जावी लागतात.

त्यानंतर कान्याचा बार खरोखरच थोडा डावीकडे झुकलेला निघाला. तो चिमट्याने वाकवला, तेही अगदी दाबल्यासारखं करून. बार थंड वाकतो, पण दोनतीनदा मागेपुढे केला तर तुटतो, आणि सुटा बार आता दुसऱ्या मेलेल्या मशीनमधूनच काढावा लागतो.

रोलर

खानदेशातल्या मशीनचा रोलर हा वेगळाच विषय. कोरड्या उन्हाने रबर दगड होतं. कागदाची मागची बाजू बघितली की लगेच कळतं : अनुस्वार आणि पूर्णविराम कागदाला आरपार भोकं पाडतात. या कागदावर तर प्रत्येक "आणि"च्या ण मागे उंचवटा होता.

तात्पुरता उपाय म्हणजे मूळ कागदामागे दोन जाड कागद घालणं आणि रोलरचं वरचं चकचकीत कातडं ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने ओलं घासणं. पकड परत येते, कडकपणा जात नाही.

पुतण्याला पक्कं काम हवं होतं. औद्योगिक वसाहतीत रबर लायनिंग करणारे असतात, त्यांच्याकडे नवं रबर चढवता येतं. मात्र ते बहुतेक छापखान्याचे रोलर करतात आणि सवयीने मऊ रबर चढवतात. टाइपरायटरला ते चालत नाही. मऊ रबरात ठसा बुडतो, अक्षर फुगतं, कार्बनची दुसरी प्रत उमटत नाही. सांगताना स्पष्ट सांगायचं : कडकपणा ९० शोअर ए च्या आसपास (शोअर ए हे रबराच्या कडकपणाचं माप). दुसरी गोष्ट व्यास. मधला भाग घासलेला असतो, म्हणून माप कागद जिथे पोचत नाही अशा टोकाशी व्हर्नियरने घ्यायचं. इथे टोकाचा आणि मधला व्यास यांत ०.३ मिलिमीटरचा फरक निघाला, टोकाचा आकडा धरून काम दिलं. व्यास वाढला तर ओळींमधलं अंतर बदलतं, शिवाय टाइपबार आपल्या थांब्याला टेकण्याआधीच रोलरवर आदळतो. बरोबर जुळलेल्या मशीनमध्ये बार थांब्याला टेकवून धरला की ठसा आणि रोलर यांच्यामध्ये कागदाची पट्टी जेमतेम अडकते, ओढली तर सुटते.

रोलर यायला सहा दिवस लागले. एकूण काम अकरा दिवसांचं.

तेवढ्यात खालचे छोटे फीड रोलर बघितले. सात वर्षं कागद-दांडी (कागद सैल सोडणारी दांडी) बंद राहिल्यामुळे ते एका बाजूने चपटे झाले होते, कागद तिरपा जात होता. जुनं रबर कापून त्यावर मापाची रबरी नळी चढवली. मशीन बंद ठेवताना कागद-दांडी उघडी ठेवली असती तर हे झालं नसतं.

रिबीन

रिबीन १३ मिलिमीटर रुंदीची. मिळत नसेल तर डॉट मॅट्रिक्स प्रिंटरच्या त्याच रुंदीच्या नायलॉन रिबिनीचं वेटोळं कापून रिळावर गुंडाळता येतं, दहा मीटर पुरते. ती पातळ असते, छपाई थोडी फिकी येते. दोन्ही टोकांपासून साधारण १५ सेंटिमीटरवर पितळी डोळा ठोकावा लागतो, कारण या मशीनमध्ये तोच रिबिनीची दिशा उलटवतो. डोळा विसरला तर रिबीन टोकाला ताणून थांबते आणि त्याच जागेवर ठोके खाऊन फाटते. सुकलेल्या रिबिनीला स्टॅम्प पॅडची शाई लावणारे भेटतात. ती बहुधा पाण्याची शाई असते, लवकर सुकते आणि ठशांना गंज चढवते.

ठसे पितळी तारेच्या बारीक ब्रशने साफ केले. ब, छ, ठ यांच्या पोटातली शाई टाचणीने उकरायची नाही, लाकडी टूथपिकने. अंगाचा रंग फक्त साबणाच्या पाण्याने पुसला. समोरच्या पट्टीवर तळहात टेकून टेकून गेलेला रंग तसाच ठेवला. तो पुन्हा मारायचा का, यावर बराच वेळ गेला, आणि न मारण्याचं मत पुढे आलं, कारण नव्या रंगाखाली यंत्राचं वय कळत नाही आणि विकत घेणाऱ्याला नंतर शंका येते.

एक दोष तसाच

शेवटच्या दिवशी "धुळे, जळगाव, चाळीसगाव, अमळनेर" अशी ओळ मारली. सगळं जुळलं, फक्त ळ चारही ठिकाणी किंचित खाली. इथे ठसाच बारावरून सरकलेला. तो सोल्डरने बसवलेला असतो, ६० वॅटची सोल्डरची इस्त्री लावून हलवता येतो, पण फ्लक्स नीट धुतला नाही तर पावसाळ्यात तिथेच गंज धरतो, आणि शेजारच्या ठशाचं सोल्डरही मऊ होऊ शकतं.

तेव्हा तो घडीचा सरावाचा कागद काढला. त्यावर एक ओळ वीस वेळा मारलेली, आणि त्यातला प्रत्येक ळ तेवढाच खाली. मशीन क्लासमध्ये होतं तेव्हापासून असंच होतं. पुतण्याने दोन्ही कागद खिडकीच्या काचेवर एकावर एक धरले, रेषा लावून बघितल्या.

"राहू द्या जिभाऊ, काकांचा ळ असाच असायचा."

इस्त्री पेटीत परत गेली. मशीनवर सुती कापड टाकलं, प्लॅस्टिक नाही, त्यात दमट हवा कोंडते. कागद-दांडी उघडी ठेवली आणि पुढची तपासणी मृगाच्या आधी करायची ठरली.